दोन इम्प्लांटमधली तीन मिलिमीटर जागा

उलव्याच्या कुठल्याही सेक्टरमध्ये मुख्य रस्त्याने चालत निघालात, तर इस्टेट एजंट आणि केक शॉप यांच्या जोडीला ज्या पाट्या सतत नजरेस पडतात त्या दातांच्या दवाखान्यांच्या. ते साहजिकही आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये नेरूळ-बेलापूरहून खारकोपरपर्यंत लोकल आली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. भातशेती आणि खाडीच्या या पट्ट्यात टॉवर उभे राहिले आणि त्यांत म्हसळा, श्रीवर्धन, महाड, मुरुडकडची आपली कितीतरी कुटुंबे राहायला आली. आधी नोकरीसाठी तरुण मंडळी आली, मागोमाग गावचे घर बंद करून अम्मी-अब्बाही आले. अम्मी-अब्बांचे गुडघे, साखर आणि दात हा आता इथल्या घराघरातला विषय आहे.

दातांच्या बाबतीत कवळीची जागा हळूहळू इम्प्लांट घेत आहे. पाटीवर 'फिक्स दात' असे लिहिलेले असते, खाली एका इम्प्लांटचा दर असतो, कुठे जास्त घेतल्यास सवलतही असते. घरात चर्चा होते ती दराची, कंपनीची आणि दुखेल का याची. एक प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो: हे स्क्रू एकमेकांपासून आणि शेजारच्या दातापासून किती अंतरावर बसवणार? माझ्या मते हा प्रश्न दर आणि कंपनी या दोन्हींच्या आधी यायला हवा. दरात फसलो तर पैसे जातात. अंतर चुकले तर जबड्याचे हाड जाते, आणि एकदा हाडात रुजलेला इम्प्लांट सरकवून बाजूला नेता येत नाही.

हाडात रुजणारा धातू

इम्प्लांट म्हणजे टायटेनियमचा लहानसा स्क्रू. दाताच्या मुळाच्या जागी तो हाडात बसवतात. त्यावर एक छोटा खांब येतो आणि खांबावर कॅप, म्हणजे आपल्याला दिसणारा दात. स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात टायटेनियमचे एक बारीक उपकरण बसवून आतले रक्ताभिसरण पाहत होते. काम संपल्यावर उपकरण काढायला गेले तर ते निघेना, हाड त्याला घट्ट धरून बसले होते. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा एका माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. आजचे सगळे इम्प्लांट याच शोधाच्या पोटी आले आहेत.

पण दात आणि इम्प्लांट यांत एक मोठा फरक आहे, आणि अंतराचा सगळा प्रश्न त्यातूनच निघतो. आपला दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो, जाडीला मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा. तो दाताला गादीसारखा आधार देतो, आणि त्यातून रक्तवाहिन्या हिरडीला व हाडाला रक्त पुरवतात. वरच्या बाजूला हिरडीचे तंतू दाताच्या मुळात आडवे शिरून त्याला कुंपणासारखे धरून ठेवतात, त्यामुळे जंतूंना खाली उतरायला सहज वाट मिळत नाही.

इम्प्लांटभोवती हा पडदा नसतो. हाड थेट धातूला भिडते. हिरडीचे तंतू धातूत शिरू शकत नाहीत, ते त्याच्या अंगाने उभे किंवा गोल फिरतात. कुंपण सैल आणि रक्तपुरवठाही कमी. म्हणून इम्प्लांटभोवतीची हिरडी नैसर्गिक दाताच्या हिरडीपेक्षा नाजूक समजायची. दोन इम्प्लांट शेजारी शेजारी आले, तर त्यांच्यामधल्या हाडाच्या आणि हिरडीच्या चिंचोळ्या पट्टीला दोन्हीकडून हा तोटा सोसावा लागतो.

बशीचे गणित

इम्प्लांटवर खांब जोडला की पुढच्या वर्षभरात त्याच्या गळ्याभोवतीचे हाड थोडे खाली बसते. हा रोग नव्हे. जोडाच्या ठिकाणी सूक्ष्म फट असते, तिथे जंतू राहतात आणि हाड त्यांच्यापासून जरा दूर सरते. हे सरणे फक्त खालच्या दिशेला नसते, बाजूलाही असते. परिणामी इम्प्लांटच्या गळ्याभोवती हाडात एक उथळ बशी तयार होते.

या बशीची रुंदी न्यूयॉर्कमधील डेनिस टार्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजली. शेजारी शेजारी दोन इम्प्लांट असलेल्या ३६ रुग्णांचे एक्स-रे त्यांनी तपासले, आणि २००० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाजूच्या दिशेने हाड सरासरी सुमारे १.४ मिलिमीटर सरते असे त्यांना आढळले. आता साधी बेरीज करा. एका इम्प्लांटची बशी १.४, शेजाऱ्याची १.४, मिळून २.८. दोघांमधले अंतर ३ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर दोन्ही बशा आपापल्या जागी राहतात आणि मधे हाडाची एक टेकडी शिल्लक उरते. अंतर त्याहून कमी असेल तर बशा एकमेकींत मिसळतात आणि टेकडीच ढासळते. त्यांच्या आकड्यांत हे स्पष्ट दिसले: अंतर ३ मिलिमीटरपेक्षा जास्त होते तिथे मधल्या हाडाची उंची सरासरी ०.४५ मिलिमीटर घटली, ३ किंवा त्याहून कमी होते तिथे १.०४ मिलिमीटर. म्हणजे दुपटीहून जास्त.

तेव्हापासून दोन इम्प्लांटमध्ये किमान ३ मिलिमीटर आणि इम्प्लांट व नैसर्गिक दात यांच्यामध्ये किमान दीड मिलिमीटर हा नियम दंतवैद्यकात रूढ झाला. दाताच्या बाजूला दीडच का? कारण दाताला स्वतःचा पडदा आणि स्वतःचा रक्तपुरवठा असतो, त्याच्या बाजूचे हाड तो स्वतः सांभाळतो. बशी एकच, म्हणून जागाही निम्मी. गालाच्या किंवा ओठाच्या बाजूलाही इम्प्लांटबाहेर हाडाची दीड ते दोन मिलिमीटर जाडीची भिंत उरावी लागते. ती पातळ असेल तर काही वर्षांत हिरडी खाली सरकून धातूची कड दिसू लागते.

काही नव्या इम्प्लांटमध्ये वरचा खांब स्क्रूपेक्षा मुद्दाम अरुंद ठेवतात. त्यामुळे जंतूंची फट हाडापासून आत सरकते आणि बशी लहान होते. तिथे अंतराचा नियम थोडा सैल होतो, पण सुटत नाही.

कोकणातल्या माणसाला हे वेगळे समजवायला नको. माडाची दोन रोपे साधारण साडेसात मीटर अंतर सोडून लावतात. वाडी लवकर भरावी म्हणून कोणी तीन-तीन मीटरवर लावली तर पहिली काही वर्षे वाडी गच्च दिसते, पुढे झाडे उंच वाढतात पण नारळ धरत नाहीत. फरक इतकाच की चुकलेले रोप पहिल्या पावसात उपटून दुसरीकडे लावता येते.

टेकडी ढासळली तर काय बिघडते?

मिलिमीटरभर हाडाने एवढे काय होणार, असे वाटू शकते. आरशात बघा. दोन दातांच्या मधे हिरडीचे जे त्रिकोणी टोक वर आलेले दिसते, ते खालच्या हाडाच्या टेकडीवर उभे असते. टार्नो यांनीच १९९२ मध्ये नैसर्गिक दातांवर मोजून दाखवले होते की दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तो बिंदू आणि हाडाची टेकडी यांच्यात ५ मिलिमीटरपर्यंत अंतर असेल, तर जवळपास प्रत्येक ठिकाणी हिरडीचे टोक पूर्ण भरलेले असते. ६ मिलिमीटर झाले की ते ५६ टक्के ठिकाणीच भरलेले आढळते, ७ झाले की २७ टक्के. मिलिमीटरने एवढा फरक पडतो. दोन इम्प्लांटमधली हिरडी तर आणखी बुटकी असते, हाडापासून सरासरी साडेतीन मिलिमीटरच्या आतबाहेरच वाढते.

टेकडी खाली गेली की टोक खाली जाते आणि दोन कॅपच्या मधे काळा त्रिकोण दिसू लागतो. पुढच्या दातांत तो हसताना खुपतो. मागच्या दातांत तो कोणाला दिसत नाही, पण बिर्याणीचा भात, पालकाचे पान, मटणाचा धागा तिथे बरोबर जाऊन बसतो. टूथपिक, सुई, जे हाती येईल त्याने माणूस ते कोरतो. हिरडी सुजते. ब्रश लावला की रक्त येते. ही पहिली पायरी, सूज फक्त हिरडीत असते आणि नीट साफसफाईने बरी होऊ शकते. तसेच चालू राहिले तर सूज हाडात उतरते, हाड झिजू लागते, आणि ते परत भरून आणणे फार अवघड.

यात फसवी गोष्ट ही की दुखत नाही. इम्प्लांटला नस नसते. किडलेला दात रात्री झोपू देत नाही म्हणून माणूस दवाखाना गाठतो. इम्प्लांटभोवतीचे हाड मात्र मुकाट्याने जाते. रक्त, पू, तोंडाला सतत येणारा वास, किंवा हिरडीखालून डोकावणारी धातूची कड एवढ्याच खुणा. इम्प्लांट हलू लागला असेल तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

चार गेले म्हणून चार?

आता मुलांच्या कंपास पेटीतली पट्टी घ्या. एका दाताची जागा रिकामी आहे आणि इम्प्लांट ४ मिलिमीटर जाडीचा आहे. दोन्ही बाजूंना दीड-दीड सोडले तर ७ मिलिमीटर जागा हवी. शेजारचे दोन दात गेले असतील तर दीड, चार, तीन, चार, दीड, म्हणजे १४ मिलिमीटर. लहान दाढा साधारण सात-सात मिलिमीटरच्या असतात, तेव्हा दोन लहान दाढांच्या जागी दोन इम्प्लांट जेमतेम बसतात, एक मिलिमीटरही इकडेतिकडे करायला उरत नाही. मोठ्या दाढेची जागा अकरा मिलिमीटरच्या आसपास असते, तिथे अडचण येत नाही. तिथे उलटी चूक होते. इम्प्लांट मधोमध न बसवता एका कडेला बसला, तर वरची कॅप दुसऱ्या बाजूला छज्जासारखी बाहेर येते. त्या छज्जाखाली अन्न साठते आणि चावताना स्क्रूवर तिरका भार पडतो.

खरी गंमत खालच्या पुढच्या चार दातांची आहे. हिरड्यांच्या आजारात वयस्कर माणसांचे बरेचदा हेच दात आधी हलतात. ते तोंडातले सर्वांत अरुंद दात, चौघांची मिळून जागा सुमारे २२ मिलिमीटर. आमच्याच सोसायटीतल्या एका खालांचे हे चार दात गेले. एका दवाखान्यात त्यांना चार इम्प्लांट सांगितले गेले, आणि चारही घेतल्यास दरात सूटही. मुलगा तयार होता. सुनेने मला विचारले तेव्हा मी म्हटले, ऑपरेशनच्या आधी आणखी एका ठिकाणी दाखवून घ्या, त्याने काही बिघडत नाही. त्यांनी एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवले. मी सोबत होते.

खालांनी तिथेही तेच विचारले, "डॉक्टर, चार गेले तर चारच बसवायला नकोत का?"

डॉक्टरीणबाईंनी स्कॅनवर बोट ठेवले. "मावशी, बारीकात बारीक तीन मिलिमीटरचे स्क्रू घेतले तरी चारांचे झाले बारा. त्यांच्या मधल्या तीन जागा, प्रत्येकी तीन, म्हणजे नऊ. दोन्ही टोकांना दीड-दीडचे तीन. चोवीस झाले ना? तुमच्याकडे बावीस आहेत."

"मग बसवणार कसे?"

"दोन टोकांना दोन बसवायचे आणि वर चार दातांचा पूल. मधले दोन दात हिरडीवर नुसते टेकतील. त्यांच्याखालचे हाड आम्ही छेडणारच नाही."

खालांना पटले की नाही ठाऊक नाही, पण सुनेला पटले. दोन इम्प्लांटवर चार दातांचा पूल बसला. मधे ऐसपैस जागा आहे, त्यातून बारीक ब्रश जातो आणि हिरडी आज गुलाबी आहे. आपल्याकडे 'जास्त म्हणजे मजबूत' ही समजूत पक्की आहे, आणि विकणाऱ्यालाही ती सोयीची असते. जबड्याच्या बाबतीत अनेकदा ती खोटी ठरते.

खालचे सगळेच दात गेलेल्या आजी-आजोबांसाठी तर आणखी सोपा मार्ग आहे. २००२ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी एकमताने म्हटले की खालच्या पूर्ण बोळक्या जबड्यासाठी पहिला पर्याय म्हणून केवळ दोन इम्प्लांट आणि त्यांवर टिचकीच्या बटणासारखी बसणारी कवळी द्यावी. कवळी सैल होऊन फिरत नाही, रात्री काढून धुता येते, आणि हात थरथरणाऱ्या माणसालाही दोन बटणे साफ ठेवणे जमते. बोळक्या जबड्यात दहा-बारा स्क्रू दाटीने बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर कारण विचारा. पक्के दात हवे असतील तरी बहुधा चार ते सहा पुरतात.

जागा कशी आक्रसते

दात काढल्यावर "बघू पुढे" म्हणून वर्षानुवर्षे जागा रिकामी सोडण्याची सवय आपल्या घरांत फार. दोन गोष्टी घडतात. दात नसलेले हाड अरुंद होत जाते, पहिल्या वर्षातच रुंदी जवळपास निम्म्याने घटू शकते, आणि त्यातली बरीच घट पहिल्या तीन महिन्यांत होते. दुसरे म्हणजे शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात. अकरा मिलिमीटरची जागा सात-आठवर येते. मग आधी तारा लावून दात सरळ करावे लागतात, नाहीतर नियम मोडून दाटीत स्क्रू घुसवला जातो. दात काढतानाच पुढचे ठरवून ठेवणे म्हणूनच स्वस्त पडते.

शाळेत शिकवते म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. खेळताना पुढचा दात गमावलेल्या मुलाला इम्प्लांटची घाई करू नये. मुलाचा जबडा वाढतो, शेजारचे दात त्याबरोबर खाली-वर सरकतात, पण इम्प्लांट जिथे बसवला तिथेच राहतो. काही वर्षांत तो एकटा आखूड आणि वेडावाकडा दिसू लागतो. वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे किमान अठराव्या वर्षापर्यंत आणि मुलांत त्याहून थोडे पुढे, काढता-घालता येणारा किंवा चिकटवलेला तात्पुरता दात चालतो.

मोठ्यांमध्येही दात हयातभर थोडे थोडे पुढे सरकत असतात. त्यामुळे उत्तम बसवलेल्या इम्प्लांटच्या आणि शेजारच्या दाताच्या मधे चार-पाच वर्षांनी बारीक फट पडू शकते. पूर्वी अडकत नसलेले अन्न अडकू लागले तर सहन करत बसू नका. कॅप बदलून किंवा भर घालून ती फट बुजवता येते.

सुट्टीवर आलेल्यांची घाई

कुवेत, दुबई, दम्मामहून भाऊ महिना-दीड महिन्याच्या सुट्टीवर येतो. तिकडे दात महाग म्हणून सगळी कामे इथे. "जाण्याआधी दात लागलेच पाहिजेत" असा हट्ट. आता विमानतळच दाराशी आल्यावर ही गर्दी वाढेल असे मला वाटते. हाड आणि धातू यांची गाठ बसायला मात्र खालच्या जबड्यात सुमारे तीन महिने आणि वरच्या जबड्यात त्याहून जास्त वेळ लागतो. काही रुग्णांत लगेच दात बसवता येतात, पण त्यासाठी हाड मजबूत आणि जागा पुरेशी लागते, तिकिटाची तारीख हे त्याचे कारण होऊ शकत नाही. घाईत हाड कमी पडते तेव्हा, जिथे हाड मिळेल तिथे स्क्रू बसवायचा मोह होतो आणि अंतराचा हिशेब बाजूला पडतो. त्यापेक्षा या सुट्टीत स्क्रू आणि पुढच्या सुट्टीत कॅप, अशी विभागणी करणारे शहाणे.

हाड भरण्याचा प्रश्न

जागा आहे पण हाड पातळ आहे, अशा वेळी डॉक्टर हाडाची पूड भरतात आणि वर एक पातळ पडदा लावतात. ही पूड आणि पडदा कशाचे बनलेले आहेत हे आपल्या घरांनी आधीच विचारावे. बाजारात गायीच्या हाडापासून बनवलेली पूड मिळते, डुकरापासून काढलेल्या कोलॅजनचे पडदेही बरेच वापरले जातात. कृत्रिमरीत्या तयार केलेले पर्याय आहेत, आपलेच हाड दुसऱ्या जागेहून घेता येते, आपल्याच रक्तातून काढलेला घट्ट पडदाही काही ठिकाणी वापरतात. पुडीवर मूळ छापलेले असते आणि विचारले तर डॉक्टर सांगतात, यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. प्रक्रिया केलेल्या अशा पदार्थांबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत, तेव्हा ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारून ठेवावे. ऑपरेशनच्या खुर्चीवर बसल्यावर ठरवायची ही गोष्ट नव्हे.

आणखी एक व्यवहाराची बाब. ऑपरेशन रमजानच्या तोंडावर ठेवू नये. पहिल्या आठवड्यात औषधे वेळेवर आणि मऊ खाणे थोडे थोडे घ्यावे लागते. पहिल्या चोवीस तासांत जोराने चुळा भरायच्या नसतात, जखमेवरची रक्ताची गाठ सुटते. वुजू करताना पाणी तोंडात हळूच फिरवून नुसते तोंड उघडून सोडावे.

स्वच्छतेची वाट

३ मिलिमीटर जागा हाडासाठी हवी तशीच ती ब्रशसाठीही हवी. दातांच्या फटीत जाणारा बाटली धुण्याच्या ब्रशासारखा बारीक ब्रश मेडिकलमध्ये निरनिराळ्या जाडीत मिळतो. दोन इम्प्लांटमधून तो रोज एकदा तरी फिरला पाहिजे. कॅप बसवल्याच्या दिवशीच डॉक्टरांसमोर आरशात बघून तो घालून दाखवा. जात नसेल तर कॅपचा आकार तिथेच बदलून मागा, घरी गेल्यावर ते राहून जाते. मिस्वाक करणाऱ्यांनी ती जरूर करावी, तिचे टोक मऊ चावून घ्यावे आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवावी. पण दोन कॅपच्या मधे ती पोहोचत नाही, तिथे हा ब्रशच लागतो.

मिश्री लावणाऱ्या आपल्या कितीतरी वडीलधाऱ्या बायका ती दात घासण्यातच मोजतात. ती भाजलेली तंबाखू आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे सगळ्यांना ठाऊक असते. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा आणखी आटतो, आणि इम्प्लांटभोवती तो मुळातच कमी असतो. साखर आटोक्यात नसेल तर हाडही नीट धरत नाही, म्हणून ऑपरेशनआधी तीन महिन्यांच्या साखरेची चाचणी करून घेतात. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल अम्मीला गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर तेही आधी सांगा, त्यांतल्या काही औषधांनी जबड्याची जखम भरत नाही.

ज्यांचे इम्प्लांट आधीच दाटीत बसले आहेत त्यांनी घाबरून जाऊ नये. कॅपचा आकार बदलून मधे ब्रशपुरती वाट करता येते. दर तीन-चार महिन्यांनी दवाखान्यात सफाई करून घेता येते. कधी दोनांपैकी एका स्क्रूवरची कॅप काढून तो हिरडीखाली निजवून ठेवतात आणि त्या जागी पूल देतात. काढून टाकण्याची वेळ शेवटी येते. पण हे सगळे हाड शिल्लक असतानाच जमते.

मत घ्यायला उलवेकरांना फार लांब जावे लागत नाही. बामणडोंगरी किंवा खारकोपरहून लोकल धरली की नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ ही दंत महाविद्यालये आहेत. रस्त्याने खारघरचे वाय.एम.टी. आणि कामोठ्याचे एमजीएम. अशा ठिकाणी वेळ जास्त जातो, चार फेऱ्या होतात, पण हिरडीचा तज्ज्ञ, कवळीचा तज्ज्ञ आणि जबड्याचा सर्जन एका छताखाली भेटतात. जवळच्या दवाखान्यातही चांगले काम होते. तिथे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन काढणार का, स्कॅनवर अंतर मोजून दाखवणार का आणि स्क्रू कुठे शिरावा यासाठी साचा वापरणार का, एवढे विचारावे. ज्या डॉक्टरला हे विचारलेले आवडत नाही, त्याच्याकडे मी तरी जाणार नाही.

काम झाल्यावर इम्प्लांटच्या डबीवरचा स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, जाडी, लांबी आणि बॅच क्रमांक असतो. कॅप बसवलेल्या दिवसाचा एक्स-रेही घ्या, आणि दोन्ही एका पाकिटात आधार कार्डाशेजारी ठेवा. पुढच्या वर्षीच्या एक्स-रेमध्ये हाड किती खाली गेले हे त्या पहिल्या फोटोशेजारी ठेवूनच कळते.